सतरावा जोड

रत्नागिरी यार्ड. बारा वाजून वीस.
रो-रो लूपवर उभी, क्रॉसिंगसाठी.
सपाट वाघिणींवर ट्रक, ट्रकांत झोपलेले ड्रायव्हर,
कुणाच्या तरी केबिनमध्ये देवासमोरचा लाल बल्ब.
मी खडीवरून चालते. टॉर्च, हातोडी,
कमरेला तारेचं भेंडोळं.

सतराव्या जोडापाशी
कपलरच्या हँडलवर टॉवेल वाळत घातलेला.
निळा, काठाला लाल पट्टी. अजून ठिबकत होता.

आधी हसूच आलं.
मग टॉर्च खाली नेली:
हँडल खोबणीतून बाहेर, थोडं फिरवलेलं,
टॉवेल नीट पसरावा म्हणून.

मुकादमचाचा, साखरीनाट्याचे, आता निवृत्त, सांगायचे,
"कोळंबेकर, ह्या दोन पोलादी मुठी.
ओढून सुटायच्या नाहीत, अख्खी मालगाडी लाव.
पण आतला लॉक नुसता वरून पडलेला असतो,
आपल्याच वजनावर बसलेला.
त्याला उचलायला एक पोर पुरे."
आणि बोलता बोलता खालून
लॉकची शेपटी चाचपायचे,
बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून बघतात तसे.

हादऱ्यांनी लॉक उडू नये म्हणून आत एक ओठ ठेवलाय,
त्याखाली टाच अडकते.
पण हँडल जागेवर असेल तरच.
हँडल फिरलं की टाच सुटते,
मग उरतो फक्त ताण, आणि ताण काय, कधी असतो कधी नसतो.

कारबुड्याचा बोगदा ही गाडी अशीच आली,
की टॉवेल इथेच, आत्ता, नळावर भिजला?
पुढे पानवलचा पूल.
हो, माहीत आहे, गाडी तुटली तर हवेचा पाइप तुटेल,
दोन्ही तुकड्यांना आपसूक ब्रेक लागतील.
पण पाणी उपसायला डबा आहे म्हणून
होडीच्या फळीतली भेग कुणी तशीच ठेवत नाही.

हातोडीने वाघीण ठोकली, दोनदा.
लुंगी सावरत एकजण उतरला. नामक्कलचा.
छातीवर बोट ठेवून म्हणाला, मुरुगेशन.
मला तमिळ येत नाही, त्याला हिंदीतले आकडे आणि शिव्या.
मी टॉवेल दाखवला. त्याने तो घाईघाईने काढला, पिळला,
चूक झाल्यासारखा घडी घालून उभा.
टॉवेल नाही रे बाबा.
टॉर्च काखेत धरली,
दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवली, ओढून दाखवली.
मग अंगठा उचलला. हात सुटले.

तेव्हा त्याने मागच्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं.
बराच वेळ.

मग टॉर्च मागितली, वर स्वतःच्या फाळक्यावर मारली:
कडीत खिळा, खिळ्याच्या भोकात तार,
तारेला चार पीळ, टोक आत दुमडलेलं.
भुवया उडवल्या. हेच ना?
हेच.

हँडल दाबलं. ठक्.
शेपटी चाचपली. उतरली होती.
तार त्याने धरली, पीळ मी भरले,
आणि त्याने माझा शेवटचा पीळ उलगडून
पुन्हा घातला, टोक आत घेऊन.
मला जरा रागच आला. त्याचंच बरोबर होतं.

मेनवरून समोरची गाडी धडधडत गेली.
मी उरलेले जोड संपवले.
रजिस्टरात लिहिलं: सतरावा, हँडल बाहेर आढळलं, बसवलं, तार मारली.
टॉवेलचं लिहिलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात जागा होती.

सिग्नल मिळाला. इंजिनाने ओढ घेतली,
आणि पुढून मागे धाड, धाड, धाड,
एकेक जोड आपला सैलपणा संपवत गेला.
सतराव्याला मी श्वास धरला.
तोही म्हणाला, धाड.

ट्रकच्या आरशावर निळा टॉवेल फडफडत गेला भोळ्यासारखा.

सकाळी चहा करताना आलं किसलं तर अंगठा झोंबला.
ओरखडा. तारेचा. माझ्याच पिळाचा.